सहावी ते आठवी: मराठी शाळेतल्या मुलाचं इंग्रजी घरी कसं घ्यायचं

सातवीतली एक मुलगी माझ्यापुढे बसून धडा वाचत होती. वाचन छान चाललं होतं. मध्ये आय-एस-एल-ए-एन-डी हा शब्द आला. तिनं 'इस्लँड' म्हटलं आणि पुढे गेली. मी थांबवून अर्थ विचारला, तर ताबडतोब उत्तर आलं, "बेट." स्पेलिंग विचारलं, तेही न चुकता सांगितलं. मग मी म्हटलं, याला आयलंड म्हणतात. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "टीव्हीवर आयलंड आयलंड म्हणतात, ते हेच का?"

तो शब्द तिच्या कानात होता आणि वहीतही होता, पण दोघांची गाठ पडली नव्हती. मराठी माध्यमातल्या बहुतेक मुलांचं इंग्रजी सहावी-सातवीत असंच तुकड्यातुकड्यांत असतं. अर्थ एका वहीत, स्पेलिंग दुसऱ्या वहीत, व्याकरण तिसऱ्या वहीत आणि प्रश्नोत्तरं गाइडमध्ये. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. म्हणजे आजचं मूल सहावीत येतं तेव्हा त्याच्या गाठीशी पाच वर्षांचं इंग्रजी असतं. त्याला काहीच येत नाही हे खरं नसतं. येतं ते जोडलेलं नसतं, एवढंच. या तीन वर्षांत ते जोडायचं आहे, आणि जोडायला सगळ्यात भक्कम दोरा मराठीचाच आहे. तो कसा वापरायचा, ते पुढे पायरीपायरीनं लिहितो आहे. पालकांना इंग्रजी येत असो वा नसो, बहुतेक गोष्टी घरी करता येतात.

आधी मूल कुठे आहे ते बघा

इयत्ता बघू नका, वाचन बघा. बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. मूल सातवीत असेल तर सहावीच्या पुस्तकातला, त्याच्या फारसा लक्षात नसलेला एक परिच्छेद काढा आणि मोठ्यानं वाचायला सांगा. मध्ये टोकू नका. जिथे अडलं त्या शब्दाखाली पेन्सिलनं टिंब द्या. साधारण शंभर शब्दांत पाच-सहा टिंबं आली तर ती पातळी ठीक आहे. पंधरा-वीस आली तर पाचवीचं पुस्तक घ्या, गरज पडली तर चौथीचं.

इथे पालक कचरतात. "सातवीतला मुलगा चौथीचं पुस्तक वाचणार?" हो, वाचू दे. सोपं पुस्तक असल्यामुळे तो महिन्याभरात ते संपवेल, आणि एक अख्खं इंग्रजी पुस्तक आपण वाचून संपवलं हा अनुभव त्याला बहुधा पहिल्यांदाच मिळेल. हे पाऊल गाळून थेट सातवीच्या धड्याला हात घातला की मूल पाठांतराकडे वळतं, कारण त्याला दुसरा मार्गच उरत नाही.

मोठ्यानं वाचन, रोज दहा मिनिटं

मनातल्या मनात वाचलेलं इंग्रजी या वयात फसवं असतं. डोळा अडलेल्या शब्दावरून घसरून पुढे जातो. म्हणून आठवीपर्यंत रोजचं वाचन मोठ्यानंच.

बरीच मुलं प्रत्येक इंग्रजी शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. त्यावरून त्यांना रागवू नये, पण एक अट घालावी. उच्चार पेन्सिलनं लिहायचा, फक्त अडलेल्या शब्दावर लिहायचा आणि आठ दिवसांनी खोडायचा. अख्ख्या पानावर देवनागरी लिहिलेली असेल तर मूल इंग्रजी वाचतच नाही, वरची मराठी ओळ वाचतं.

उच्चारात मात्र मराठीची मोठी मदत आहे. इंग्रजी आवाजांसाठी आपण ॲ आणि ऑ ही चिन्हं केव्हाच घेतली आहेत. पेन आणि पॅन, बेड आणि बॅड, कोट आणि कॉट या जोड्या मराठी मूल लिहून दाखवू शकतं, मग बोलूनही दाखवू शकतं. रोज पाच जोड्या म्हणून घ्या. व्हॅन आणि वॉटर आपण वेगवेगळे लिहितो, पण बोलताना दोन्हीकडे एकच 'व' काढतो. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. 'वॉटर' म्हणताना दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. आरशासमोर दोन दिवस केलं की मुलांना हे जमतं, आणि त्यात गंमतही वाटते.

भूतकाळाचा ई-डी हा सगळ्यांत मोठा अडसर. मुलं 'वॉक्केड', 'प्लेयेड' असं वाचतात. नियम साधा आहे. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच 'इड' ऐकू येतं: वॉन्टेड, लँडेड. क, प, स, श, च, फ असा आवाज असेल तर फक्त ट: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट, लाफ्ट. बाकी ठिकाणी फक्त ड: प्लेड, क्लीन्ड. एका धड्यातली सगळी ई-डीवाली क्रियापदं काढून या तीन रांगांत लावायला सांगा. असे दोन धडे झाले की पुढे कान आपोआप काम करतो.

शब्द: दहा स्पेलिंगांऐवजी पाच वाक्यं

'रोज दहा स्पेलिंग पाठ' हा गृहपाठ मी स्वतः अनेक वर्षं दिला आणि मग बंद केला. शनिवारच्या चाचणीत दहापैकी दहा मिळवणारी मुलं सोमवारी तोच शब्द वाक्यात ओळखत नव्हती. आता मी पाच शब्द देतो. प्रत्येक शब्द त्याच्या वाक्यासकट लिहायचा आणि खाली त्याच शब्दाचं आपल्या घरातलं एक वाक्य लिहायचं. 'बिलाँग' हा शब्द धड्यात आला असेल तर खाली 'दिस कार्ट बिलाँग्ज टू माय अंकल'. शब्दाला घर मिळालं की तो राहतो.

सुरुवातीला एक उपक्रम जरूर करा. स्वयंपाकघरात उभं राहून मुलाला दिसतील तेवढ्या इंग्रजी शब्दांची यादी करायला सांगा: कुकर, गॅस, प्लेट, ग्लास, फ्रिज, मिक्सर, ट्रे, लायटर. मग रस्त्यावरची, मग एसटी स्टँडवरची. वही भरत जाते आणि मुलाच्या मनातली 'मला इंग्रजी येत नाही' ही भीती निम्मी होते. या शब्दांची स्पेलिंगही पटकन बसतात, कारण अर्थ आधीच ठाऊक असतो.

मात्र यातले काही शब्द मराठीत येताना बदलले आहेत, ते वेगळे काढा. आपण हॉटेलात मिसळ खायला जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, खायची ती रेस्टॉरंट. आपली 'लाइट' जाते, इंग्रजीत 'पॉवर' जाते. आपण गणिताचा 'क्लास' लावतो, त्याला तिकडे 'ट्यूशन'. शाळेचं 'गॅदरिंग' इंग्रजीत 'ॲन्युअल डे' होतं. अशी यादी वर्गात सुरू केली की मुलं रोज नवा शब्द घेऊन येतात. उलट दिशेचाही एक शब्द त्यांना सांगावा: इंग्रजीतला 'मंगूस' हा आपल्या मुंगसावरूनच तिकडे गेला आहे. 'गूस'चं अनेकवचन 'गीस' होतं, पण 'मंगूस'चं 'मंगूसेस'. तो शब्द आपल्याकडचा आहे हे कळलं की मुलं ही गोष्ट विसरत नाहीत.

शब्दकोश घरात असावा, छापील. सहावीत इंग्रजी-मराठी, आठवीत सोप्या इंग्रजीत अर्थ देणारा विद्यार्थ्यांसाठीचा कोश. बघायला शिकवणं महत्त्वाचं. 'लाइट' शब्द काढा आणि विचारा: इथे नाम, विशेषण की क्रियापद? प्रकाश, हलका, फिकट, पेटवणं, हे सगळे अर्थ त्याच एका शब्दाखाली आहेत. धड्यातल्या वाक्यात यातला कोणता बसतो, ते मुलानं ठरवायचं. पहिलाच अर्थ उतरवून घ्यायची सवय सहावीतच मोडली पाहिजे.

वाक्य: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या मते या तीन वर्षांतलं खरं काम इथेच आहे. मुलं चुकतात ती 'व्याकरण येत नाही' म्हणून नाही. ती मनात मराठी वाक्य जुळवतात आणि शब्दाला शब्द ठेवतात. दोष मराठीचा नाही. दोन्ही भाषा वेगळ्या वाटेनं जातात, आणि वाट कुठे फुटते ते मुलाला कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवा.

सुरुवात 'मला'पासून करा. वहीत डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी:

मला भूक लागली आहे – आय ॲम हंग्री
मला दोन बहिणी आहेत – आय हॅव टू सिस्टर्स
मला ताप आहे – आय हॅव अ फीवर
मला पोहता येतं – आय कॅन स्विम
मला आठवतं – आय रिमेंबर
मला घरी जायचं आहे – आय वॉन्ट टू गो होम
मला जावं लागेल – आय विल हॅव टू गो

मराठीत सातही वाक्यं 'मला'नं सुरू होतात, म्हणून मूल 'टू मी' किंवा नुसतं 'मी' (इंग्रजीतलं एम-ई) असं काहीतरी लिहायला जातं. इंग्रजीत सातही ठिकाणी 'आय' आहे आणि फरक क्रियापदात आहे. ही यादी भिंतीवर लावा. 'त्याला', 'आईला', 'आम्हाला' घालून तीच वाक्यं पुन्हा बनवून घ्या. मी पाहिलंय, या एका तक्त्यानं मुलांच्या लिहिण्यातल्या कितीतरी चुका एकदम कमी होतात.

दुसरी जागा 'ने'ची. सीतानं आंबा खाल्ला, सीतानं पोळी खाल्ली, सीतानं आंबे खाल्ले. मराठीत क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'सीता एट'. हे सांगितलं की मुलांना सुटल्यासारखं वाटतं, कारण इथे इंग्रजी मराठीपेक्षा सोपी आहे.

तिसरी जागा 'तो, ती, ते'ची. मराठीत खुर्चीही ती आणि नदीही ती, म्हणून मुलं 'शी' लिहितात. इंग्रजीत वस्तू म्हणजे 'इट'. त्याहून खोल चूक आदराची आहे. 'आजोबा अंगणात बसले आहेत. ते पेपर वाचतात.' याचं मुलं 'दे रीड' करतात. चूक काढताना मुलाला आधी शाबासकी द्या, कारण त्यानं आजोबांना मान दिला आहे. मग सांगा, इंग्रजीत एका माणसाला कितीही मान दिला तरी 'ही'च.

चौथी, एस-ची. नामाला एस लागला की अनेक होतात, म्हणून मुलांना वाटतं क्रियापदाचंही तसंच, आणि ती 'दे प्लेज' लिहितात. उलट आहे: वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागतो तो 'ही', 'शी', 'इट' अशा एकट्यासाठी. 'ही प्लेज, दे प्ले.' प्रश्न विचारताना तो एस क्रियापद सोडून पुढच्या शब्दात जातो: 'डज ही प्ले?' मराठीत 'का' शेवटी येतो, 'तो खेळतो का?' इंग्रजीत तेच काम करणारा शब्द सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहतो. मुलांना उभं करून खेळवा. प्रत्येकाच्या हातात एक शब्दाची चिठ्ठी द्या; विधानाचा प्रश्न करताना एस-वाला मुलगा आपली जागा सोडून पुढे पळतो. सहावीच्या वर्गात हे मनापासून चालतं.

अ की ॲन, यासाठी 'ए, ई, आय, ओ, यू' पाठ करून घेण्यापेक्षा देवनागरी कामाला लावा. शब्द मराठीत लिहून बघायचा. स्वरानं सुरू झाला तर ॲन: अंब्रेला, एग, अवर. व्यंजनानं झाला तर अ: युनिफॉर्म, वन-रूपी कॉइन, हाउस. 'अवर'मधला एच आणि 'युनिफॉर्म'मधला यू ज्या मुलांना छळतो, ती इथे चटकन बरोबर येतात, कारण नियम अक्षराचा नाहीच, आवाजाचा आहे.

धडा तीनदा

पहिल्यांदा सलग, न थांबता, अर्थ विचारायला बंदी. शेवटी फक्त 'कोण, कुठे, काय झालं' एवढं मराठीत सांगायचं. दुसऱ्या वाचनात अडलेले शब्द. त्यातले निम्मे आजूबाजूच्या वाक्यांवरून ओळखायचे, उरलेले कोशात. तिसऱ्या वाचनात प्रश्न.

उत्तरं गाइडमधून उतरवून पाठ करायची पद्धत मला मनापासून घातक वाटते, आणि पालकांनी याबाबत ठाम राहावं अशी माझी विनंती आहे. सहामाहीत त्यानं गुण मिळतातही. पण दहावीच्या कृतिपत्रिकेत पुस्तकाबाहेरचा उतारा असतो. त्याचं गाइड छापता येत नाही. उत्तर मुलानं आधी तोंडी, मोडक्या इंग्रजीत सांगावं, मग लिहावं. प्रश्नातलेच शब्द उचलून उत्तर सुरू करायला शिकवा. 'व्हाय डिड द बॉय क्राय?' विचारलं तर 'द बॉय क्राइड बिकॉज…' इथे एक गोष्ट बघून घ्या: उत्तरात 'डिड' गळतो आणि 'क्राय'चं 'क्राइड' होतं. हा बदल रोज एका प्रश्नावर करून घेतला तर पुरे.

कविता मराठीच्या तासासारखी शिकवा

इंग्रजी कविता म्हणजे यमक जुळणारे शब्द शोधणं, एवढंच मुलांच्या वाट्याला येतं. खरं तर साहित्याची सगळी हत्यारं त्यांच्याकडे मराठीतून आलेली असतात. अनुप्रास, उपमा, रूपक, यमक ती मराठीच्या तासाला शिकतात; इंग्रजीत फक्त नावं बदलतात: अलिटरेशन, सिमिली, मेटॅफर, राइम. वर्गात वापरायला मी काही ओळी स्वतःच जुळवतो. त्यातल्या या चार:

द वेल इज ड्राय, द रोप इज लाँग,
द पुली सिंग्ज नो मॉर्निंग साँग;
माय मदर लुक्स अप ॲट द स्काय,
द पॉट बिसाइड हर वेट्स, स्टिल ड्राय.

आधी दोनदा म्हणून दाखवा, टाळीच्या ठेक्यावर. प्रत्येक ओळीत चार ठोके येतात. मग प्रश्न, आणि उत्तरं मराठीत चालतील. बोलतंय कोण? 'माय मदर' आहे म्हणजे मूल. आई वर का बघते? रहाट गात नाही म्हणजे काय झालं? इथे बहुतेक वेळा वर्ग काही क्षण गप्प होतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, पाणीच नाही तर फिरवणार कशाला. गाणारा रहाट आणि वाट बघणारी घागर, निर्जीव वस्तू माणसासारख्या वागतात. मराठीत ही चेतनगुणोक्ती, इंग्रजीत पर्सॉनिफिकेशन. 'ड्राय' पहिल्या ओळीत आहे आणि शेवटचा शब्दही तोच आहे. का? माणदेशातल्या मुलांना याचं उत्तर शिकवावं लागत नाही.

एवढं मराठीत बोलून झालं की दोन वाक्यं इंग्रजीत लिहायला सांगा: मला कोणती ओळ आवडली आणि का. 'आय लाइक द लाइन… बिकॉज…' हा साचा पुरतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला भावना कळते, इंग्रजी मात्र लहान मुलाएवढी असते. कवितेवर मराठीत बोलू दिलं नाही तर त्याचं डोकं त्याच्या इंग्रजीएवढंच चालतं. हा अन्याय करू नये.

रोज चार ओळी स्वतःच्या

निबंधाची घाई नको. सहावीत रोजच्या चार ओळी, आठवीत दहा. विषय जवळचा: आज डब्यात काय होतं, एसटी उशिरा का आली, गोठ्यातलं वासरू. तपासताना एका दिवशी एकाच प्रकारची चूक बघा. या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त अ-ॲन-द. लाल शाईनं भरलेली वही मूल पुन्हा उघडत नाही. आणि चूक दुरुस्त झालेलं वाक्य त्यानं मोठ्यानं वाचायचं, तरच ते कानात बसतं.

वेळ आणि साधनं

रोज चाळीस मिनिटं, रविवार सोडून. दहा वाचन, दहा शब्दांची वाक्यं, दहा 'मला'सारख्या तक्त्यांचा सराव, दहा स्वतःच्या ओळी. सुट्टीत दोन तास बसवण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुणांचे असतात. त्यासाठी वेगळी तयारी शेवटच्या तीन महिन्यांतच करावी, वर्षभर फक्त पर्याय निवडत बसू नये.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. तिथे गोष्टी फुकट आहेत, पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि बऱ्याच गोष्टी इंग्रजी आणि मराठी दोन्हीत मिळतात. तीच गोष्ट आधी मराठीत, दुसऱ्या दिवशी इंग्रजीत वाचून घ्या. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात. वाढदिवसाला एक घ्यावं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड मोबाइलवर दीक्षा ॲपमध्ये उघडतात, तेही बघावं.

ज्या आईवडिलांना इंग्रजी अजिबात येत नाही, त्यांच्यासाठी एक काम राखून ठेवलं आहे, आणि ते शिक्षकाला चाळीस मुलांत जमत नाही. संध्याकाळी भाजी निवडताना मुलाला शेजारी बसवा. त्यानं इंग्रजी धडा मोठ्यानं वाचायचा आणि दर परिच्छेदाला थांबून तुम्हाला मराठीत सांगायचं. तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे: मग तो म्हातारा गेला कुठे? तिला राग का आला? आठ दिवसांनी तीच गोष्ट पुस्तक न बघता पुन्हा सांगायला लावा. दोन्ही वेळेला सारखी निघाली तर धडा बहुधा समजला आहे, अर्थात तीच चूक दोनदा झालेली नसेल तर. तफावत निघाली तर पुस्तक उघडायचं, आणि ती कोणत्या वाक्याशी झाली ते दोघांनी मिळून शोधायचं.